करार कामगाराचा, आश्वासन प्राध्यापकाचे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की मोशी मागे पडते, इंद्रायणी ओलांडल्यावर चिंबळी फाटा लागतो आणि त्याच्या पुढे कुरुळी. खेड तालुक्यातील हे गाव एका पिढीपूर्वीपर्यंत शेतीवर जगत होते. आज त्याच्या शिवारात कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत, सुट्या भागांची गोदामे आहेत आणि गावठाणाभोवती परगावांहून पोटासाठी आलेल्या तरुणांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. पाळी सुटण्याच्या वेळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीशी क्षणभर थांबले, तर एक शब्द हमखास कानी पडतो, तो म्हणजे करार. कोणाच्या कंपनीचा करार कधी संपतो, कोणाचा किती हजारांचा झाला, वाढ पहिल्या वर्षी किती आणि पुढच्या वर्षांत किती, फरकाची रक्कम केव्हा हाती पडणार, याची चर्चा तेथे इतक्या नेमकेपणाने चालते की अर्थशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकानेही कान टवकारावेत.

आणि त्या प्राध्यापकाला स्वतःच्या वेतनाविषयी इतके नेमके बोलता येईल काय? कुरुळीतील कामगाराची मुले आता महाविद्यालयात जातात. कुटुंबातून पदवीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकाला विचारले की, तुमचा करार कोणाशी झाला आहे, किती वर्षांचा आहे, तो मोडला तर दाद कोठे मागायची, तर त्याच्यापाशी उत्तर नसते. त्याच्यापाशी असतात ते शासन निर्णय, परिपत्रके, आणि मंत्रिमहोदयांनी दिलेली आश्वासने.

हा विरोधाभास किती खोल आहे, हे २०१३ या एका वर्षात महाराष्ट्राने पाहिले. मात्र ते दोन वेगवेगळ्या बातम्यांच्या रूपाने पाहिले, म्हणून त्यांतील नाते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. त्या वर्षी ४ फेब्रुवारीपासून महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे ‘एमफुक्टो’ने, विद्यापीठाच्या परीक्षांच्या कामावर बहिष्कार पुकारला. मागण्या मुख्यतः दोन होत्या. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची मागणी पहिली. दुसरी मागणी होती १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या, परंतु ‘नेट’ किंवा ‘सेट’ ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांच्या सेवा नियमित करण्याची. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १० मे रोजी बहिष्कार संपला. पुढे २७ जून २०१३ रोजी शासन निर्णय निघाला आणि नेट-सेट नसलेल्या त्या अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या. पण कोणत्या दिनांकापासून? तर त्या शासन निर्णयाच्याच दिनांकापासून. ज्याने १९९२ साली वर्गात पाऊल टाकले, त्याची दोन दशकांची सेवा एका ओळीने बाजूला सारली गेली. त्यातून न्यायालयांत जी प्रकरणे उभी राहिली, त्यांचा हिशेब वेगळा.

आता योगायोग पाहावा. हा शासन निर्णय निघण्याच्या दोनच दिवस आधी, २५ जून २०१३ रोजी, चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यातील कामगारांनी काम बंद केले. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांमध्ये एक मागणी या पट्ट्यात तोवर कोणी ऐकली नव्हती : प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे समभाग एक रुपया दराने मिळावेत. कंपनीने ती साफ नाकारली. पन्नास दिवसांनी, १४ ऑगस्ट रोजी संप मागे घेतला गेला आणि समभाग काही मिळाले नाहीत.

हा संप कामगार हरले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. तरीही त्या पराभवात एक गोष्ट शाबूत होती, ती विसरून चालणार नाही. समोर कोण आहे, हे कामगाराला ठाऊक होते. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली होती. ‘नाही’ म्हणणाराही तोच आणि उद्या ‘हो’ म्हणू शकणाराही तोच. बोलणी फिसकटली तर कामगार आयुक्तांचे कार्यालय होते, औद्योगिक न्यायालय होते, आणि संघटनेला मान्यता कशी मिळते, अनुचित प्रथा कशाला म्हणायचे, हे सांगणारा १९७१ चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा होता. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्याने संघर्षाचे टोकही पाहिले आहे. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर मांडलेले उपोषण आणि त्याचा पोलिसी शेवट जुन्या मंडळींना अजून आठवत असेल. त्या अनुभवातून कामगार शिकले, व्यवस्थापनेही शिकली आणि तीन-साडेतीन वर्षांच्या कराराची वहिवाट येथे रुजली. ही वहिवाट आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही, पण निदान ती आहे.

प्राध्यापकाच्या बाबतीत पहिला प्रश्नच असा की, बोलणी करायची कोणाशी? त्याची नेमणूक करते संस्था. नेमणुकीला मान्यता देते विद्यापीठ. वेतन देते राज्य शासन. वेतनश्रेणी ठरवतात विद्यापीठ अनुदान आयोग आणि केंद्र सरकार. त्याला वेतनाविषयी तक्रार असेल तर संस्था म्हणते, ‘आम्ही काय देणार? पैसा शासनाचा.’ विद्यापीठ म्हणते, ‘हा विषय आमच्या कक्षेतील नाही.’ राज्य म्हणते, ‘केंद्राचा वाटा आलेला नाही.’ आणि केंद्र म्हणते, ‘राज्याने आधी खर्च करून हिशेब पाठवावा.’ हे अतिशयोक्त वर्णन वाटत असेल तर सहाव्या वेतन आयोगाचा इतिहास तपासावा. नव्या श्रेणी १ जानेवारी २००६ पासून लागू व्हायच्या होत्या. केंद्राचा निर्णय ३१ डिसेंबर २००८ रोजी झाला. ३१ मार्च २०१० पर्यंतच्या वाढीव खर्चाचा ८० टक्के भार केंद्र उचलणार होते. महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला १२ ऑगस्ट २००९ रोजी, तोही प्राध्यापक संपावर गेल्यावर. त्यानंतर आधी हात कोणी सैल करायचा, या वादात थकबाकी अडकली आणि त्याच थकबाकीसाठी २०१३ चा बहिष्कार झाला. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्राने वाटा ५० टक्क्यांवर आणला. केंद्राचा निर्णय २ नोव्हेंबर २०१७ चा, राज्याचा ८ मार्च २०१९ चा, आणि मधल्या काळात पुन्हा एक कामबंद आंदोलन.

ते आंदोलन २५ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाले. त्या वेळच्या मागण्यांची यादी डोळ्यांखालून घातली, तर या व्यवस्थेचा स्वभाव समजतो. सातवा वेतन आयोग, नोकरभरतीवरील बंदी उठवणे, जुनी निवृत्तिवेतन योजना, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना न्याय्य मोबदला, आणि या सर्वांसोबत एक जुनीच मागणी : २०१३ च्या बहिष्कारकाळातील ७१ दिवसांचे कापलेले वेतन. म्हणजे एका आंदोलनातून जे उरले, ते पुढच्या आंदोलनाचे भांडवल झाले. २०१३ मध्ये राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी सत्तेवर होती, २०१८ मध्ये भाजप-शिवसेनेची युती. पक्ष बदलले, मंत्री बदलले, पद्धत मात्र तीच राहिली. आधी दुर्लक्ष, मग कारवाईची भाषा, परीक्षा तोंडावर आल्यावर बैठक, आणि शेवटी लेखी आश्वासन. येथे पक्षाभिमान बाजूला ठेवून हे मान्य करणे भाग आहे की, प्राध्यापकांशी वेळेवर आणि बांधील राहून बोलण्याची व्यवस्था कोणत्याही सरकारने उभी केली नाही.

अशी व्यवस्था का नाही, याचे एक उत्तर कायद्यात दडले आहे आणि ते मोठे मासलेवाईक आहे. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वाद होता विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बसच्या चालकांचा. विद्यापीठ हा उद्योग नव्हे, असे सांगून न्यायालयाने चालकांना औद्योगिक विवाद कायद्याचे दार बंद केले. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध निकालात हे मत उलटले आणि शिक्षणसंस्था हाही उद्योग ठरला. शिक्षणसंस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती संसदेने १९८२ मध्ये केली खरी. पण ती कधी अंमलातच आली नाही. मग गोव्यातील सुंदरांबल या शिक्षिकेचे प्रकरण आले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शाळा हा उद्योग असेल, परंतु शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. कारण ज्ञानदान हे श्रमाच्या नेहमीच्या प्रकारांत बसत नाही, ते एक उदात्त कार्य आहे. तात्पर्य, महाविद्यालयाच्या बसचा चालक आपल्या वेतनासाठी कामगार न्यायालयात जाऊ शकतो. त्याच बसमधून उतरणारा प्राध्यापक जाऊ शकत नाही. २००४ मध्ये उपदानाच्या कायद्यातही शिक्षक ‘कर्मचारी’ नसल्याचा निकाल लागला. तो अन्याय संसदेने २००९ मध्ये कायदा बदलून, १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने दूर केला. वाटाघाटींच्या हक्काबाबत मात्र तसे काही घडले नाही. औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ५१ टक्के कामगार ज्या संघटनेमागे असतील, तिला बोलणी करण्याचा एकमेव अधिकार देण्याची तरतूद तिच्यात आहे. पण कामगाराची व्याख्या जवळपास जुनीच असल्याने प्राध्यापक उंबरठ्याबाहेरच राहिला आहे.

शिक्षकाला कामगार म्हणू नये, ही भावना आपल्या समाजमनाला पटणारी आहे. आपल्याकडे गुरूचे स्थान मजुरीच्या हिशेबात कधीच बसवले गेले नाही. परंतु हा गौरव त्याच्या पदरात काय टाकतो, हेही पाहावे लागेल. जुन्या काळी गुरुकुलाचा योगक्षेम राजा आणि समाज वाहत असत. गुरूला भिक्षेसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नसत. योगक्षेमाची हमी काढून घ्यायची आणि उदात्ततेचे प्रमाणपत्र तेवढे हाती ठेवायचे, ही गुरुपूजा नव्हे. गंमत अशी की, हीच वागणूक अमेरिकेत अगदी उलट कारणाने मिळाली. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने येशिवा विद्यापीठाच्या प्रकरणात निर्णय दिला की, प्राध्यापक विद्यापीठाचा कारभार चालवण्यात सहभागी असतात, सबब ते व्यवस्थापक आहेत आणि त्यांना सामूहिक वाटाघाटींचे संरक्षण नाही. तिकडे अधिकारी म्हणून हक्क गेला, इकडे व्रतस्थ म्हणून.

संघटनांच्या वागण्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ येथे येते. बोलणीला दार नाही म्हणून प्राध्यापकांच्या हाती एकच शस्त्र उरते, ते परीक्षेचे. अध्यापन बंद केले तर सरकारला महिनोन्महिने त्याची झळ लागत नाही. निकाल रखडला की आठ दिवसांत ओरड होते. शस्त्र प्रभावी आहे, यात शंका नाही. पण त्याचा वार कोणावर होतो? मुंबई-पुण्यातील सुस्थित घरातील मुलाचे एक सत्र लांबले, तर त्याचे फार बिघडत नाही. कुरुळीसारख्या गावातील मुलगी पदवीचा निकाल हाती येताच नोकरीला लागणार असते, घरचे तिच्या वेतनाकडे डोळे लावून असतात. जिचे लग्न परीक्षेनंतरचे म्हणून ठरलेले असते, अशीही एखादी असते. प्रवेश परीक्षेची मुदत कोणासाठी थांबत नाही. तिने प्राध्यापकांची थकबाकी अडवलेली नाही आणि ती देण्याची शक्तीही तिच्यापाशी नाही. ज्याच्याशी भांडण नाही त्याला ओलीस धरण्याला लढा म्हणावे काय, हा प्रश्न प्राध्यापक संघटनांनी स्वतःला विचारलाच पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नेही परीक्षेच्या कामात साहाय्य करणे अध्यापकांना बंधनकारक केले आहे. कायद्याने हात बांधले. पण बांधलेल्या हातांच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची सोय केली नाही. त्याच अधिनियमातील न्यायाधिकरण बडतर्फी, पदावनती अशा एकेकट्याच्या प्रकरणांत दाद देते. हजारो अध्यापकांच्या सामाईक प्रश्नाला तेथे जागा नाही.

ब्रिटनमधील प्राध्यापक संघटनेने २०२३ च्या एप्रिलपासून सप्टेंबरच्या प्रारंभापर्यंत उत्तरपत्रिका तपासण्यावर असाच बहिष्कार घातला होता. कित्येक विद्यापीठांनी बहिष्कारी अध्यापकांच्या वेतनाला मोठी कात्री लावली, काही ठिकाणी तर संपूर्ण वेतनच रोखले. विद्यार्थी गुणांविना पदवीदान समारंभाला उभे राहिले, आणि राष्ट्रीय वेतनवाढीच्या मागणीवर संघटनेच्या हाती काही लागले नाही. तेव्हा हे शस्त्र उलटतेही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा कामगार चळवळीवर वर्गसंघर्षाच्या विचाराचा पगडा होता. त्यांचा आग्रह असा की, मालक आणि कामगार यांच्या बोलणीत समाज हा तिसरा पक्ष सदैव हजर असतो आणि त्याच्या हिताला डावलून झालेला समझोता हा खरा समझोता नव्हे. कारखान्यात हा तिसरा पक्ष काहीसा दूर असतो. महाविद्यालयात तो समोरच्या बाकावर बसलेला असतो.

हे जितके संघटनांना लागू आहे, तितकेच शासनाला. आणि आणखी एक गट आहे, ज्याच्या नावाने सर्व बोलतात, पण ज्याला बैठकीत कोणी बसवत नाही. तो म्हणजे तासिका तत्त्वावरील अध्यापक. चाकणच्या कारखान्यात कायम कामगाराच्या शेजारी, तेच यंत्र चालवणारा कंत्राटी कामगार उभा असतो. करार कायम कामगाराचा होतो, कंत्राटी कामगाराला त्याचा पेढा तेवढा मिळतो. महाविद्यालयात तेच घडले. भरती थांबली, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या जागी तासावर मोबदला घेणारे नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेले तरुण आले. ज्या पात्रतेवाचून नेमलेल्यांना नियमित करण्यासाठी २०१३ मध्ये राज्यभर बहिष्कार झाला, ती पात्रता या तरुणांपाशी आहे. नाही ती फक्त जागा. सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरण्यास २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पण मान्यता, जाहिरात, आरक्षणाची बिंदुनामावली, मुलाखत आणि नेमणूक या प्रत्येक पायरीवर वर्षे गेली.

त्यांच्या मोबदल्याचे आकडे बोलके आहेत. २०१८ च्या आंदोलनानंतर नोव्हेंबरमध्ये निघालेल्या शासन निर्णयाने पदवी वर्गासाठी एका तासिकेचे ५०० रुपये ठरवले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकासाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर जाहीर केला. राज्याने २०२३ मध्ये पदवी वर्गाचा दर ९०० रुपयांपर्यंत आणला, तरी आयोगाच्या चार वर्षांपूर्वीच्या आकड्यापासून तो दूरच होता. शिवाय तासिका झाली तरच पैसे. सुट्टी आली, परीक्षा आली, उन्हाळा आला की मोबदला बंद. घरभाडे मात्र बारा महिने. परीक्षेवर बहिष्कार घालण्याचा हक्कसुद्धा या माणसाला परवडत नाही. त्याने बहिष्कार घातला तर पुढच्या जूनमध्ये दुसरा कोणी येतो. एमफुक्टोने आपल्या मागण्यांत या अध्यापकांचा समावेश केला, हे नमूद केले पाहिजे. पण मागणीपत्रातील सातवे-आठवे कलम असणे आणि बोलणीत स्वतः बसणे यात फरक आहे. थकबाकी मिळाली की संप मागे घेण्याची घाई ज्यांना होते, त्यांच्यात तासिकेवाला नसतो.

या बाबतीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या रटगर्स विद्यापीठाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेथील अध्यापक अडीचशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात प्रथमच संपावर गेले. पूर्णवेळ प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, वैद्यकीय विभागातील अध्यापक आणि अर्धवेळ अध्यापक यांच्या तीन संघटना एकत्र उतरल्या आणि एकमेकींना मागे टाकून करार करायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. राज्याच्या गव्हर्नरांनी दोन्ही बाजूंना राजधानीत बोलावून घेतले, तोडगा निघेपर्यंत बोलणी चालू ठेवली आणि आठवडाभरात संप थांबला. झालेल्या करारात अर्धवेळ अध्यापकांच्या मोबदल्यात कराराच्या मुदतीत सुमारे ४४ टक्के वाढ ठरली, म्हणजे जो सर्वांत दुबळा होता, त्याला सर्वांत मोठी वाढ मिळाली. गव्हर्नर स्वतः बसले, कारण राज्याचा पैसा त्या विद्यापीठात होता आणि पैसा ज्याचा त्याने बोलणीला हजर असावे, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आपल्याकडे उच्चशिक्षण मंत्री बैठक घेतात, सहानुभूतीने ऐकतात आणि शेवटी सांगतात की, वित्त विभागाची संमती घ्यावी लागेल. वित्त विभाग त्या बैठकीत नसतो.

उपाय शोधण्यासाठी परदेशात जाण्याची मात्र गरज नाही. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू केली. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या विषयांवर मतभेद मिटला नाही, तर प्रकरण सक्तीच्या लवादाकडे जाते, अशी तिची रचना आहे. अशीच एक स्थायी यंत्रणा विद्यापीठ अधिनियमात दुरुस्ती करून महाराष्ट्राला उभारता येईल. तीत उच्चशिक्षण विभागाबरोबर वित्त विभाग बसला पाहिजे, संस्थाचालकांचे आणि विद्यापीठांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत, आणि अध्यापकांच्या बाजूला तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे स्वतःचे, त्यांनी निवडलेले प्रतिनिधी असले पाहिजेत. वेतन आयोगाची केंद्रीय अधिसूचना निघाल्यापासून ठरावीक महिन्यांत राज्याचा निर्णय व्हावा, न झाल्यास प्रश्न आपोआप लवादाकडे जावा. जे ठरेल ते करार म्हणून लिहिले जावे, त्याला मुदत असावी आणि मोडल्यास दाद मागता यावी. याच्या बदल्यात प्राध्यापक संघटनांनी परीक्षा आणि निकाल हे विषय लढ्याबाहेर ठेवण्याचे कायमचे वचन द्यावे.

यावर दोन्हीकडून आक्षेप येतील. शासनाला वाटेल की लवाद म्हणजे तिजोरीवर दुसऱ्याचा हात. पण विलंब फुकट पडतो, हा भ्रम आहे. ७१ दिवसांच्या वेतनाच्या वादात आणि नियमित सेवेच्या दिनांकांवरील खटल्यांत सरकारी वकिलांचे शुल्क, न्यायालयांचा वेळ आणि अखेरीस एकदम द्यावी लागणारी रक्कम यांचा हिशेब कोणी मांडला आहे काय? उलटपक्षी संघटनांना वाटेल की परीक्षेचे शस्त्र टाकले तर सरकार पुन्हा विचारणार नाही. ही भीती निराधार नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांचा अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो. म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. पहिले पाऊल शासनाने टाकावयाचे आहे, कारण बळ त्याच्याकडे आहे आणि समोरच्या बाकावरील विद्यार्थ्याचे अंतिम पालकत्वही त्याच्याकडेच आहे.

दरम्यान, दर जून महिन्यात महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर तासिका तत्त्वावरील जागांच्या जाहिराती लागतात. कुरुळीच्या फाट्यावरून सकाळची पाळी गाठणाऱ्या कंपन्यांच्या बस निघतात, त्याच वेळी कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी घेऊन कोणी तरुण अध्यापक चाकणच्या किंवा राजगुरुनगरच्या वाहनाची वाट पाहत उभा असतो. गेल्या वर्षी ज्या विषयाला तो शिकवत होता, त्याच विषयाच्या, त्याच जागेच्या मुलाखतीला तो निघालेला असतो.